आजार फुकट, म्हातारपण विकत

एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या एखाद्या गावातली, एकमेकांना लागून असलेली विटांची दोन घरे. दोन्ही घरांत ऐंशी ओलांडलेले, पत्नी गेलेले, एकटे राहणारे आजोबा. दोघांनी सारखीच नोकरी केली, सारखाच कर भरला, पंचवीस वर्षे हप्ते फेडून घर स्वतःचे केले. पहिल्या आजोबांना आतड्याचा कर्करोग झाला. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, नंतर घरी येऊन ड्रेसिंग बदलणारी परिचारिका, सगळे एनएचएसने केले. आजोबांच्या खिशातून गेले ते रुग्णालयाच्या आवारात गाडी उभी करण्याचे पैसे. दुसऱ्या आजोबांना अल्झायमर झाला. आधी ते गॅस बंद करायचा विसरू लागले, मग रात्री दोन वाजता रस्त्यावर सापडू लागले, शेवटी त्यांना वृद्धनिवासात ठेवावे लागले. तिथला खर्च आठवड्याला हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे महिन्याला पाच लाख रुपयांच्या आसपास. तो त्यांनीच भरला. आधी बचतीतून, मग घर विकून.

आतड्यातल्या पेशी बेसुमार वाढल्या तर तो आजार आणि मेंदूतल्या पेशी मरत गेल्या तर ते केवळ म्हातारपण, असे वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते लिहिले आहे इथल्या कायद्यात. आणि भारतातून फोनवर कोणी ‘तुमच्याकडे काय, सगळे सरकारच करते’ असे म्हणाले, की मला हे दोन आजोबा आठवतात.

या भेदाला तारीख आहे. ५ जुलै १९४८. त्या दिवशी अमलात आलेल्या कायद्यांपैकी एकाने राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. दुसरा होता नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट. त्याने जुना दरिद्री कायदा मोडीत काढला आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या निवासाची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. पहिल्या कायद्यात उपचार सर्वांना फुकट, दुसऱ्यात ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ही योजना आखली तेव्हा इथल्या पुरुषाचे सरासरी आयुर्मान सहासष्टच्या आसपास होते. माणूस निवृत्त व्हायचा, थोड्याच वर्षांत हृदयविकाराने किंवा फुप्फुसाच्या आजाराने जायचा. दहा-दहा वर्षे स्मृतिभ्रंशासह जगणारी लाखो माणसे तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हती. आज ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाचे रुग्ण दहा लाखांच्या आसपास आहेत आणि अलीकडच्या वर्षांत मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला लागतो. कायद्यातली रेघ मात्र जिथे होती तिथेच आहे.

ही रेघ किती हास्यास्पद होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे आंघोळ. म्हाताऱ्या माणसाला घरी आंघोळ घालायची असेल तर ती वैद्यकीय आंघोळ की सामाजिक आंघोळ, यावर इथल्या कचेऱ्यांत खरोखर वाद झालेले आहेत. त्वचेच्या विकारासाठी असेल तर एनएचएस पैसे देणार, नुसती अंग स्वच्छ करण्यासाठी असेल तर कौन्सिल, आणि कौन्सिल म्हणजे शेवटी तुम्ही. पाणी तेच, साबण तोच. अगदी गंभीर रुग्णांची काळजी पूर्णपणे एनएचएसच्या खर्चाने व्हावी अशी सोय आहे, पण त्यासाठी माणसाची गरज ‘मुख्यतः आरोग्याची’ आहे हे सिद्ध करावे लागते. बारा मुद्द्यांची तपासणी होते. ज्या घरांत कोणी शिकलेला, चिवट, पत्रे लिहून लिहून अधिकाऱ्यांना दमवणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना लढता येते. बाकीचे पहिल्या नकारालाच गप्प बसतात.

इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. आता मी स्वतः पेन्शनर आहे, त्यामुळे हे नियम आता मला दुसऱ्याच्या गोष्टीसारखे वाचता येत नाहीत. नियम असा. तुमच्याकडे २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर काळजीचा सगळा खर्च तुमचा. वृद्धनिवासात कायमचे राहायला गेलात आणि मागे घरात नवरा, बायको किंवा साठी ओलांडलेले नातेवाईक राहत नसतील, तर घराची किंमतही त्या मालमत्तेत धरतात. हयातीत घर विकायचे नसेल तर कौन्सिल त्यावर कर्ज लिहून ठेवते आणि मृत्यूनंतर वसूल करते. हे सगळे संपून कौन्सिलने खर्च उचलला तरी तुमची पेन्शन तिकडे वळते आणि हातात राहतात आठवड्याला तीस पौंडांच्या आसपास. त्यात केस कापणे, नातवंडांना वाढदिवसाचे कार्ड, नवा स्वेटर. हा २३,२५०चा आकडा २०१० सालापासून बदललेला नाही. महागाईबरोबर तो नुसता वाढत गेला असता तरी आज ३५ हजारांच्या वर असता. न वाढवता ठेवलेला आकडा म्हणजे दरवर्षी थोडीथोडी केलेली कपातच. तिला ना विधेयक लागते, ना संसदेत चर्चा.

स्कॉटलंडने २००२ पासून पासष्टीवरच्यांची वैयक्तिक काळजी, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण भरवणे, फुकट केली. तिथेही निवासाचे भाडे द्यावेच लागते आणि मूल्यमापनासाठी रांग असतेच. पण निदान आंघोळीवरून वाद होत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये काळजीचा सक्तीचा विमा आणला, जपानने २००० मध्ये. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता सुरू होतो. म्हणजे हे काही कोणाला न सुटलेले कोडे नव्हे.

इंग्लंडनेही ते कागदावर कितीदा तरी सोडवले आहे. १९९९ मध्ये रॉयल कमिशनने वैयक्तिक काळजी फुकट द्या असे सांगितले. २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने दुसरा मार्ग सुचवला. त्यांचा हिशेब मला आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पासष्टीच्या दहा माणसांपैकी एकाला आयुष्यात काळजीवर एक लाख पौंडांहून जास्त खर्च करावा लागतो, बऱ्याच जणांना अगदी थोडा. तो एक आपण असू का, हे आधी कोणालाच कळत नाही. घराला आग लागण्यासारखे हे आहे, सगळ्यांची घरे जळत नाहीत, पण ज्याचे जळते त्याचे सगळेच जाते. अशा संकटासाठीच तर विमा असतो. आणि इथे खासगी विमा कंपन्या या धंद्यात उतरायलाच तयार नाहीत. म्हणून डिलनॉट म्हणाले, माणसाने आयुष्यात काळजीवर जास्तीत जास्त ३५ हजार पौंड द्यावेत, त्यापुढचे सरकारने.

पुढे काय झाले? २०१४ मध्ये कायदा झाला, मर्यादा ७२ हजारांची ठरली, ती २०१६ पासून लागू व्हायची होती. २०१५ मध्ये ती पुढे ढकलली आणि नंतर गुंडाळली. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधान होताच निवासस्थानाच्या दारात उभे राहून हा प्रश्न एकदाचा सोडवू असे सांगितले. २०२१ मध्ये मर्यादा ८६ हजार ठरली, ऑक्टोबर २०२३ पासून. ती ऑक्टोबर २०२५ वर गेली. जुलै २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी पैसे नाहीत म्हणून ती रद्दच केली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक आयोग जाहीर झाला, लुईज केसी यांच्या अध्यक्षतेखाली. हुजूर पक्ष असो, आघाडी असो, मजूर पक्ष असो, यात डावे-उजवे काही नाही. सगळ्यांनी सारखेच केले आहे. पेन्शनरांच्या मतांना हे सगळे पक्ष घाबरतात असे वर्तमानपत्रांत नेहमी येते. मला ते अर्धेच खरे वाटते. जे पेन्शनर मत द्यायला चालत जाऊ शकतात त्यांना घाबरतात. ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही त्याला कोण घाबरणार?

आता कोणी म्हणेल, हा पैशांचा प्रश्न झाला, आरोग्याच्या सदरात कशाला? तर त्यासाठी रुग्णालयात जायला हवे.

माझ्या शेजारच्या आजी चौऱ्याऐंशीच्या. मागच्या हिवाळ्यात घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की आता घरी जायला हरकत नाही. त्यानंतर पाच आठवडे त्या त्याच खाटेवर होत्या. कारण घरी सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांना उठवायला, धुवायला आणि जेवण द्यायला माणूस मिळत नव्हता. इंग्लंडभर कोणत्याही दिवशी अशी बारा-तेरा हजार माणसे रुग्णालयांत असतात, उपचार संपलेली, पण जायला जागा नसलेली. आणि तिकडे दारात रुग्णवाहिका रांगेत उभ्या. आतल्या खाटा रिकाम्या होत नाहीत, म्हणून आपत्कालीन विभागातले रुग्ण ट्रॉलीवर, बोळकांडीत. ‘कॉरिडॉर केअर’ हा शब्द आता इथे सरकारी कागदांत येतो. आपत्कालीन विभागात ९५ टक्के रुग्णांचा निकाल चार तासांत लागावा असे उद्दिष्ट आहे. ते इंग्लंडने शेवटचे गाठले २०१५ च्या उन्हाळ्यात. डॉक्टर आळशी झाले म्हणून हे झाले नाही. नळ चालू आहे आणि मोरीचे तोंड तुंबले आहे.

खाटेवर पडून राहणे म्हणजे नुसती वाट पाहणे नव्हे, ती शरीराची झीज आहे. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवून अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू त्या दहा दिवसांत गेले. लक्षात घ्या, निरोगी माणसांचे. शस्त्रक्रिया झालेल्या, नीट न जेवणाऱ्या आजींचे पाच आठवड्यांत काय होत असेल? तरुणपणी गेलेले स्नायू परत येतात. ऐंशीनंतर ते परत आणायला महिने लागतात आणि पुष्कळदा ते येतच नाहीत. खुर्चीतून स्वतः उठता येणे आणि न येणे यांत शेवटी त्या किलोभर स्नायूंचाच फरक असतो. शिवाय अनोळखी खोली, रात्रभर दिवे, त्यातून होणारा भ्रम, जंतुसंसर्ग, पुन्हा पडणे. रुग्णांना पायजम्यातून बाहेर काढा, स्वतःचे कपडे घालायला लावा, चालवा, अशी मोहीम इथल्या परिचारिकांनी चालवली. ती चांगलीच आहे. पण चालवून चालवून न्यायचे कुठे, तर खिडकीपर्यंत.

आजी घरी आल्या तेव्हा त्यांना दिवसातून दोनऐवजी चार वेळा मदत लागू लागली. म्हणजे कौन्सिलने वाचवलेल्या पैशांपायी एनएचएसचे किती तरी पट गेले, आणि शेवटी कौन्सिलचा खर्चही दुप्पट झाला. जमाखर्चाच्या वह्या दोन असल्या की असे होते. एका वहीतली बचत दुसऱ्या वहीतला खड्डा असतो आणि दोन्ही वह्यांचे लेखापरीक्षक समाधानी असतात.

रुग्णालयाचे दार येण्याआधीची गोष्टही सांगायला हवी, ती थंडीची. इथल्या पेन्शनरांना १९९७ पासून हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी वर्षाला एकरकमी मदत मिळत असे, दोनशे पौंड, ऐंशीच्या वर तीनशे. श्रीमंत-गरीब सगळ्यांना. जुलै २०२४ मध्ये सरकारने ती फक्त अगदी गरीब, म्हणजे पेन्शन क्रेडिट नावाचा पूरक भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली. एक कोटीहून अधिक लाभार्थी होते, ते पंधरा लाखांच्या आसपास आले. आरडाओरडा झाला, मजूर पक्षाला स्थानिक निवडणुकांत फटका बसला आणि जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. आता वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्यांना ती मिळते.

माझे मत इथल्या माझ्या मैत्रिणींना आवडत नाही. ज्यांच्या घरात दुहेरी काचा आहेत, नोकरीची वेगळी पेन्शन आहे, जे जानेवारीत कॅनरी बेटांवर उन्हाला जातात, त्यांना हे पैसे कशाला? मूळ कल्पना चुकीची नव्हती. चूक होती रेघ कुठे मारली त्यात. पेन्शन क्रेडिटला पात्र असून अर्जच न करणारी कुटुंबे सरकारच्याच अंदाजाने सात-आठ लाखांच्या घरात आहेत. त्या अर्जात दोनशेहून अधिक प्रश्न असल्याचे तेव्हा गाजले होते. एकट्या, कमी दिसणाऱ्या, आयुष्यात कधी कोणापुढे हात न पसरलेल्या आजी तो भरणार नाहीत, आणि त्याच आजी हीटर बंद करून दोन स्वेटर घालून बसणार. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला होता: जिथे गरज सगळ्यात जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा सगळ्यात कमी पोहोचते. तो अर्जांनाही लागू पडतो.

थंड घर माणसाला कसे मारते, हे प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या बाईने सांगितले तर चालेल. लोकांना वाटते की म्हातारी माणसे गारठून मरतात. तसे फार थोडे मरतात. होते असे की थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकलले जाते, रक्तदाब चढतो. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, म्हणून मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. उरलेल्या रक्तात तांबड्या पेशी, प्लेटलेट्स, गुठळी करणारी प्रथिने यांचे प्रमाण वाढते. दाट रक्त, चढलेला दाब आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्या. हृदयविकाराचे झटके थंडीच्या लाटेनंतर दोन-तीन दिवसांत वाढतात, श्वसनाच्या आजारांचे मृत्यू दहा-बारा दिवसांनी. म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर ‘थंडी’ असे कधी लिहिलेच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरातले तापमान निदान १८ अंश असावे असे सांगितले आहे. नाशिक-पुण्याच्या वाचकाला १८ अंश म्हणजे सुखद वाटेल. पण ते दिवसरात्र, महिनोन्‌महिने, न हलता बसलेल्या माणसाच्या अंगावर आहे, हे लक्षात घ्या.

यात एक गंमत आहे. फिनलंडमध्ये उणे वीस असते, तरी हिवाळ्यात तिथे मृत्यूंचे प्रमाण जितके चढते त्याहून ते ब्रिटनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये जास्त चढते. १९९७ मध्ये युरोपातल्या अनेक प्रदेशांची तुलना करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य हवेच्या प्रदेशांत तापमान एकेका अंशाने उतरले की मृत्यू जास्त वाढतात असे त्यात दिसले. कारण तिथली घरे थंडीसाठी बांधलेली नसतात आणि लोक बाहेर पडताना टोपी-हातमोजे घालत नाहीत. इंग्लंडमधली सुमारे एकपंचमांश घरे १९१९च्या आधीची आहेत. भिंतीतून, जमिनीतून, खिडकीच्या फटीतून उष्णता जाते. अशा घराला दरवर्षी तीनशे पौंड देणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे. त्याच पैशांत काही वर्षांत भिंती भरता आल्या असत्या. पण भिंतीतला लोकरी थर मतदाराला दिसत नाही, बँकेत जमा झालेली रक्कम दिसते.

एक सवलत मात्र कोणी काढून घेऊ नये असे मला मनापासून वाटते, बसचा फुकट पास. इंग्लंडभर तो २००८ पासून आहे. लंडनमध्ये साठीला मिळतो, बाकी इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयाला. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी बहुतेक ठिकाणी तो सकाळी साडेनऊनंतरच चालतो. म्हणून थांब्यावर आजी-आजोबा नऊ पंचवीसच्या बसमध्ये डोकावून ‘टू अर्ली?’ विचारतात आणि चालक त्यांना ‘ट्वर्ली’ म्हणतात. थट्टा असू द्या. त्या पासामुळे माणूस कपडे बदलतो, थांब्यापर्यंत चालतो, चार जणांशी बोलतो. स्नायूंना, मेंदूला आणि मनाला एकदम लागू पडणारे असे दुसरे औषध माझ्या पाहण्यात नाही. अडचण एवढीच की गावांकडच्या बसच बंद होत चालल्या आहेत आणि फुकट पास दाखवायला बस लागते.

आता ज्या विषयावर इथे सध्या सगळ्यात जास्त आवाज चढतो त्याकडे येते. स्थलांतर. ही सगळी काळजी करते कोण? आपल्याकडे ब्यूरोतून बाई येते तशा इथे ‘केअरर’ येतात. पुष्कळदा पंधरा मिनिटांच्या भेटी. त्या वेळात उठवायचे, धुवायचे, गोळ्या द्यायच्या, टोस्ट करायचा आणि पुढच्या घरी पळायचे. मधल्या प्रवासाचे पैसे अनेक कंपन्या देत नाहीत. एवढ्या पगारात सुपरमार्केटमध्ये कपाटे भरणे सोपे, म्हणून इथली माणसे टिकत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने या कामासाठी परदेशी माणसांना व्हिसा खुला केला आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे इथून हजारोंनी लोक आले. केरळ, पंजाब, गुजरातमधली मुले-मुली दलालांना लाखो रुपये देऊन आली, आणि त्यांतल्या काहींना इथे उतरल्यावर कळले की कंपनीकडे कामच नाही. मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब आणायला बंदी झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद केली.

संख्या कमी करायची, हे धोरण असू शकते. मला ते पटत नाही, पण मतदारांना हवे असेल तर ते करण्याचा सरकारला अधिकार आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी पगार वाढवा, इथली माणसे या कामात आणा, मग दार बंद करा. दार आधी बंद केले की आजींच्या घरी सकाळी येणारी व्यक्ती नुसती गायब होते. माझ्याच वयाचे लोक चहा पिताना ‘फार परदेशी झाले’ म्हणतात आणि पाच मिनिटांनी ‘आईसाठी केअरर मिळत नाही’ अशी तक्रार करतात. दोन वाक्यांचा संबंध कोणी जोडत नाही. मी जोडून दाखवला की म्हणतात, अगं, तू वेगळी.

मी वेगळी नाही. इथल्या म्हाताऱ्यांचे वैद्यक उभे राहिले त्यात भारतीय डॉक्टरांचा वाटा किती मोठा आहे, हे इथेही फार थोड्यांना माहीत आहे. १९३५ मध्ये मार्जोरी वॉरेन या डॉक्टर बाईंकडे लंडनच्या पश्चिमेकडील एका रुग्णालयात दरिद्रीगृहातले ७१४ रुग्ण आले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांनी एकेकाला तपासले, उठवले, चालवले आणि कित्येकांना घरी पाठवले. तिथून ही शाखा जन्मली. पण ती प्रतिष्ठेची नव्हती. इंग्रज डॉक्टरांना हृदय आणि मेंदू हवे होते, म्हणून म्हाताऱ्यांचे वॉर्ड भारतीय उपखंडातून आलेल्यांच्या वाट्याला आले आणि त्यांनी ते सांभाळले. आज इंग्लंडच्या एनएचएसमध्ये ब्रिटिशांखालोखाल सर्वाधिक कर्मचारी भारतीय नागरिक आहेत. पण याच डॉक्टरांना स्वतःची म्हातारी आई सांगलीहून किंवा नागपूरहून इथे आणायची असेल तर २०१२ पासूनचे नियम असे कडक आहेत की ते जवळजवळ अशक्यच. तिची काळजी भारतात पैसे देऊनही होऊ शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांचा रक्तदाब तपासायचा आणि रात्री व्हिडिओ कॉलवर आपल्या आईला ‘गोळी घेतलीस का’ विचारायचे, अशी माणसे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत.

उलट, निवृत्त होऊन पुण्याला परत जायचे ठरवले तर? ब्रिटिश सरकारी पेन्शन मिळते, पण ज्या दिवशी तुम्ही भारतात कायमचे गेलात त्या दिवसाचा आकडा गोठतो. अमेरिकेत किंवा स्पेनमध्ये राहणाऱ्या पेन्शनरला दरवर्षीची वाढ मिळते, भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला नाही. वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते. शिवाय परत गेलेला माणूस एनएचएसच्या आणि कौन्सिलच्या खर्चातून सुटतो, म्हणजे सरकारचे वाचतेच.

मग हे सगळे करायला पैसा कुठून आणायचा? उत्तर मला तरी स्पष्ट दिसते आणि ते माझ्या वयाच्या लोकांना रुचणारे नाही. आमच्याकडूनच. सरकारी पेन्शन इथे महागाई, सरासरी पगारवाढ आणि अडीच टक्के यांतले जे जास्त असेल त्याने दरवर्षी वाढते. पूर्ण नवी पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होती. नुसत्या तिच्यावर जगणाऱ्याला ती फार नाही, तिला हात लावू नये. पण पेन्शनच्या वयानंतर माणूस कमावता असला तरी राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरत नाही. पंचविशीतली, भाड्याच्या खोलीत राहणारी परिचारिका ती भरते, आणि तीन घरांचा मालक असलेला सत्तरीचा सल्लागार भरत नाही. आमच्यापैकी ज्यांची नोकरीची चांगली पेन्शन आहे, ज्यांची घरे काहीही न करता दहापट महाग झाली, त्यांनी काळजीच्या सामायिक विम्यात हप्ता भरावा. मी भरीन. दहातल्या एकाचे घर पूर्ण जाण्यापेक्षा दहांनी थोडेथोडे द्यावे. भिशी चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

केसी आयोगाचा पहिला टप्पा २०२६ चा आहे आणि अंतिम अहवाल २०२८ पर्यंत यायचा आहे. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या आत व्हायची आहे. २०१० मध्ये मजूर पक्षाच्या प्रस्तावाला विरोधकांनी ‘मृत्यूकर’ म्हटले, २०१७ मध्ये थेरेसा मे यांच्या प्रस्तावाला ‘स्मृतिभ्रंश कर’ म्हटले गेले. दोन्ही वेळा प्रचाराच्या दिवसांतच हा विषय मारला गेला. या वेळचा अहवाल पुन्हा त्याच मोसमात येऊन पडणार आहे.